आबा आमदार व्हायच्या आधीची 11 वर्षं

काही जण म्हणतात की आर. आर. पाटील, म्हणजे आबा, 1990 ला एकदम आमदार झाले, ते तसं नाहीये. तासगावातून निवडून यायच्या आधी 1979 पासून ते सांगली जिल्हा परिषदेत सावळज गटाचे मेंबर होते, म्हणजे विधानसभेत पाऊल टाकायच्या आधी 11 वर्षं हेच काम. आणि झेडपीचं काम म्हणजे काय तर शाळेची खोली गळतेय, हातपंप बंद पडलाय, आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, हे घेऊन लोक सकाळी सकाळी दारात येऊन बसतात, भाषण ठोकून भागत नाही तिथे, बीडीओकडे (गटविकास अधिकाऱ्याकडे) चार हेलपाटे मारावेच लागतात.

त्यात घरची परिस्थिती बेताची, अंजनीसारखं छोटं गाव, शिक्षण कमवा आणि शिका योजनेतून, मागे ना साखर कारखाना ना बँक. सांगली जिल्ह्यात असं असताना तिकीट मिळवणं आणि निवडून येणं किती अवघड ते तिकडच्यांना विचारा.

मला तर वाटतं पुढे ग्रामविकास मंत्री झाल्यावर 2000 साली गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान एवढं गावागावात पोचलं, लोक स्वतः झाडू घेऊन गटारं साफ करायला उतरले, त्याचं मूळ त्या झेडपीच्या दिवसांतच आहे. गाव कशाने हलतं हे त्यांना आधीच माहीत होतं.