सक्शन पडलं की लगेच एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलायचा?

कॉइलमास्तर: डक्टेबल एसीचं सक्शन (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर) कमी दिसलं की नवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे कॉइलमध्ये लिक्विड मोजून सोडणारा व्हॉल्व्ह ठोकायचा, ही पद्धत बंद व्हायला हवी. आधी सुपरहीट (कॉइलमध्ये उकळून झाल्यावर गॅस आणखी किती अंश तापला) आणि सबकूलिंग (कंडेन्सरमध्ये, म्हणजे बाहेरच्या कॉइलमध्ये, लिक्विड झाल्यावर ते आणखी किती अंश थंड झालं) दोन्ही काढा. गॅस आर-४१०ए धरा. सक्शन १०२ पीएसआय म्हणजे कॉइलमध्ये साधारण ०° सेल्सिअस. बल्बजवळ (व्हॉल्व्हचा, सक्शन पाइपवर बांधलेला तापमान ओळखणारा भाग) पाइप १६° भरला तर सुपरहीट १६. हवं ५ ते ७. लिक्विड लाइनला ३६५ पीएसआय, म्हणजे ४३°. तिथे पाइप ४१° असेल तर सबकूलिंग जेमतेम २, म्हणजे गॅस कमी आहे, लीक शोधा. पाइप ३१° असेल तर सबकूलिंग १२. लिक्विड कंडेन्सरमध्ये तुंबलंय, अडथळा पुढे आहे. सक्शनसोबत सुपरहीटही पडलेलं असेल तर व्हॉल्व्हकडे बघूच नका. हवेचा फिल्टर आणि ब्लोअरचा बेल्ट तपासा.

साइटवाला: हिशोब मान्य. पण अडथळा आहे हे ठरलं की जुना व्हॉल्व्ह ठेवायचा कशाला? गॅस रिकव्हर करा, ब्रेझिंग (पाइपचे सांधे तापवून धातूने भरणं) करा, ५०० मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्यूम मोजायचं एकक) व्हॅक्यूम काढा, हे सगळं ड्रायरसाठीही (लिक्विड लाइनमधला ओलावा आणि कचरा पकडणारा फिल्टर) करावंच लागतं. दोन्ही एकदम बदला. महिन्याभरात व्हॉल्व्ह अडकला तर दुसऱ्यांदा गॅसचे पैसे कोण देणार?

कॉइलमास्तर: ड्रायर बदलाच, त्यावर वाद नाही. पण ड्रायरच्या दोन्ही टोकांना तापमान मोजा. दोनेक अंशांहून जास्त फरक पडला तर दोषी तोच. फरक नसेल तर बल्ब सोडवून मुठीत धरा. सक्शन चढायला हवं. चढलं की लगेच सोडा, नाहीतर लिक्विड कॉम्प्रेसरपर्यंत येईल. मग बल्ब बर्फाच्या पाण्यात, सक्शन उतरायला हवं. दोन्ही वेळा काटा ढिम्म राहिला तर बल्बमध्ये भरलेला चार्ज गेलाय किंवा व्हॉल्व्हमधली पिन अडकलीय. मग खुशाल बदला.

पाना-पक्कड: बदलल्यावरही निम्म्या तक्रारी बल्बच्याच असतात. ७/८ इंच किंवा जाड आडव्या पाइपवर बल्ब घड्याळातल्या ४ किंवा ८ च्या जागी बसवा. तळाशी तेल वाहतं, तिथे खरं तापमान मिळत नाही. पट्टी घट्ट आवळा, वरून इन्सुलेशन. ॲडजस्टमेंट स्क्रूला हात सगळ्यात शेवटी; पाव फेरा द्या, १५ मिनिटं थांबा, मगच रीडिंग.

साइटवाला: मुठीची टेस्ट सकाळी पास होते आणि दुपारी व्हॉल्व्ह पुन्हा अडकतो, त्याचं काय? असा व्हॉल्व्ह मी ठेवणार नाही.

कॉइलमास्तर: त्याची जाळी उघडून बघा. काळी पापडी दिसली तर ब्रेझिंग पाइपमधून नायट्रोजन न सोडता झालंय. पाइप फ्लश केले नाहीत तर नवा व्हॉल्व्हही त्याच पापडीने तुंबणार.