कोंडा नको, इसबगोल घ्या

आयबीएस, म्हणजे पोटदुखी, पोटफुगी, बद्धकोष्ठ किंवा जुलाब वारंवार होणारा आतड्याचा त्रास. त्यावर कणकेत गव्हाचा कोंडा मिसळायचा सल्ला दिला जातो, पण तो बऱ्याचदा उलटा पडतो. कोंड्यातलं फायबर पाण्यात विरघळत नाही, नाजूक आतड्याला टोचतं आणि पोटफुगी, कळा वाढतात. २००९ साली नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांवर तुलना झाली, तेव्हा इसबगोलानं आराम पडला. कोंडा घेणारेच जास्त मधेच सोडून गेले, बहुतेक त्रास वाढल्यामुळं.

इसबगोलाचा भुसा सुरुवातीला रोज एकच चहाचा चमचा घ्यावा. पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावा, ठेवला तर खळ होते. वर अजून पेलाभर पाणी हवंच, कोरडा तर कधीच गिळू नये, घशात अडकतो. आठवड्यानं दोन चमचे, सोसलं तर पुढं दिवसाला १० ग्रॅमपर्यंत. इथंच घाई होते: पहिल्याच दिवशी तीन चमचे, मग गॅस, मग "मला सोसत नाही". निदान चार आठवडे द्या. इतर गोळ्या दोन तास मागं-पुढं, थायरॉईडची तर नक्कीच.

जोंधळ्याची भाकरी सोडायची गरज नाही. पण बेळगाव-खानापूरकडच्या जेवणातली मसुराची आमटी, पावटे, कांदा-लसूण यांनी गॅस होतो. इसबगोलाला दोष देण्याआधी ते आठवडाभर कमी करून पाहा.

शौचात रक्त, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेला त्रास असेल, तर फायबरचे प्रयोग न करता आधी डॉक्टरांना दाखवा.