लूना जोतिबाच्या घाटात बंद पडते, थंड झाली की परत चालू. काय बघू?

वडणगेकर:
आजोबांची पॅडलवाली लूना परसातनं बाहेर काढलीय. थंड असताना दोन-तीन पॅडलात पेटते, वडणग्यातनं शिवाजी पुलापर्यंत सपाटीला झकास पळते. पण केर्लीवरनं जोतिबाचा चढ धरला की थोड्या वेळानं आवाज बसतो, उचक्या देते आणि गप. टपरीवर चहा पिऊन आलं की परत चालू, जणू काही झालंच नाही. कार्ब्युरेटर साफ केलाय, प्लग नवा, टू-टी ऑइल लिटरला २० मिली. बंद पडल्यावर प्लग काढला तर कोरडा, टोक पांढरट. गावातले मेस्त्री म्हणतात बोअर करा, म्हणजे सिलिंडर आतनं कापून मोठा पिस्टन टाका. खर्च करू का?

लालमाती:
कंडेन्सर, ठिणगीच्या वायरिंगमधला छोटा डबा. तापला की ठिणगी मरते, थंड झाला की येते. डोळे झाकून बदल.

उद्यमनगरचा म्हातारा:
डोळे झाकून कायबी बदलू नका. पोरगं प्लग कोरडा म्हणतंय, ते वाचलंत का? ठिणगी गेली असती तर पेट्रोल येतच राहिलं असतं आणि प्लग ओलाचिंब निघाला असता. कोरडा आणि पांढरा म्हणजे पेट्रोलच पोचत नाही. बोअरचं तर नावच काढू नको. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, गेलेली गाडी थंड असताना दोन-तीन पॅडलात पेटत नसते.

बिघाड घाटात होतोय, तर घाटातच बघायचा. बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघड. ‘सूं’ करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय. टाकीत हवा शिरत नसली की पेट्रोल खाली उतरत नाही. सपाटीला कमी लागतं म्हणून निभतं, चढाला पुरत नाही. तू चहा पितोस तोवर हवा कुठनंतरी हळूहळू आत शिरते, म्हणून परत चालू. आवाज नाही आला तर कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून बाटलीत धार बघ. तुटक आली तर टाकीखालच्या पेट्रोल कॉकची जाळी बुजलीय. पाइप आजोबांच्या काळातला असला तर बदलच, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात जुनं रबर फुगतं.

तोवर घाटात ओढू नको रं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलाबरोबरच आत येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइल कमी, त्यात चढाचा ताप. पिस्टन तापून सिलिंडरात अडकला की मग बोअर खरंच करावं लागेल, आमच्या लेथवाल्यांची दिवाळी.

वडणगेकर:
काका, ‘सूं’ आलं! भोकात कुंभारमाशीनं माती भरलेली, सुईनं मोकळं केलं. आता बंद पडत नाही. पण चढाला दम नाहीच, पॅडलनं हातभार लावावा लागतो. सपाटीलाही ठरावीक वेगापुढं जात नाही. इथेनॉलमुळं मिश्रण पातळ होतं म्हणतात, कार्ब्युरेटरात मोठा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) टाकू का?

उद्यमनगरचा म्हातारा:
होतं खरं. एका भाग पेट्रोलाला हवेचे साडेचौदा भाग लागतात, इथेनॉलला नऊच. म्हणजे त्याच जेटला हवा जास्त पडते. पण जेटला आत्ताच हात लावू नको. चढावर पूर्ण रेसमध्ये ओढ, तिथंच एकदम बंद कर आणि प्लग बघ. चॉकलेटी निघाला तर जेट आहे तोच राहू दे.

मला संशय सायलेन्सरचा. इतकी वर्षं ऑइल जळून आत कार्बन साचलाय, धुराडं बुजल्यावर चूल धुमसते तसं होतंय. सायलेन्सरचे नट थोडे ढिले करून जरा लांबवर चालवून बघ. कान फुटतील पण गाडी ओढायला लागली, तर दुखणं तेच. मग सायलेन्सर उतरव, पिस्टन खाली आण आणि सिलिंडरचं एक्झॉस्टचं भोक लाकडाच्या काडीनं खरवड. स्क्रूड्रायव्हर घालशील तर पिस्टनला चरा पडेल. खरवडलेलं सगळं हवा मारून बाहेर काढ.

लालमाती:
आमच्यात सायलेन्सर कॉस्टिक सोड्यात रात्रभर बुडवतात. लोखंडालाच बरं का, ॲल्युमिनियमला लागला तर खाऊन टाकतो. हातमोजे घाल. कंडेन्सरचं माझं म्हणणं अजून कायम आहे :)

वडणगेकर:
नट ढिले करून फिरवली, गल्ली जागी झाली पण गाडी ओढते! रविवारी उतरवतो. सायलेन्सरची गॅस्केट फाटलीय, नवी कुठं मिळेल?

उद्यमनगरचा म्हातारा:
फाटकी टाकू नको, नमुना म्हणून घेऊन ये. उद्यमनगरात पत्र्यावर ठेवून कापून देतात.