आईचं कपाट कधी आवरायचं? आवरायचंच का?

गवती_चहा
आई जाऊन आज बेचाळीस दिवस झाले. साताऱ्याच्या घरी बाबा (वय ७९), भाऊ, वहिनी आणि त्यांचा मुलगा असतात. मी पुण्यात.

चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण झालं, पाहुणे पांगले आणि आत्या म्हणाली, "आता तिचं कपाट मोकळं करून टाका. गेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवू नये, जीव घुटमळतो." वहिनी लगेच तीन मोठ्या पिशव्या घेऊन आली. पंगतीची भांडी अजून मोरीत पडलेली होती. मला काय झालं कळलं नाही. कपाटाला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि संध्याकाळच्या एसटीने पुण्याला निघून आले. तेव्हापासून भाऊ फोनवर 'हं' आणि 'बरं' एवढंच बोलतो.

गोदरेजचं जुनं कपाट आहे, दारावर आरसा. आरशाच्या कडेने तिच्या टिकल्या चिकटवलेल्या; रात्री काढायची, सकाळी तीच परत लावायची. मधल्या कप्प्यात खणांचा गठ्ठा. प्रत्येक खणाला टाचणीने चिठ्ठी लावलेली: 'वरच्या काकूंकडून, चैत्रगौर', 'विट्याच्या नणंदेकडून, मुंजीत'. खण घरोघरी फिरत असतात ना, ज्या बाईने दिला तिच्याच ओटीत परत जायला नको म्हणून. हे सगळं पिशव्यांत कोंबायचं?

कंपनीने तीन दिवस रजा दिली. नातेवाइकांनी चौदा दिवस दिले. सगळ्यांनाच आमचं दुःख वेळेत उरकून हवंय. माझं म्हणणं एवढंच, की वर्षश्राद्धापर्यंत त्या कपाटाला कुणी हात लावू नये. चुकतंय का माझं?

पानशेत_६१
हो, चुकतंय. वाईट वाटून घेऊ नका, पण विचारलंत म्हणून सांगतो.

माझी आई गेली तेव्हा आम्ही तिघा भावंडांनी तेराव्याच्या आत सगळं वाटून टाकलं. रडत रडत वाटलं, पण वाटलं. सुती पातळं कामाच्या मावशींना, स्वेटर वृद्धाश्रमात, चांगल्या साड्या सुनांना आणि लेकींना. त्या साड्या पुढची पंधरा वर्षं लग्नाकार्यात फिरल्या. सख्ख्या मावसबहिणीने मात्र तुमच्यासारखं केलं. 'आत्ता नको, मन होत नाही.' अकरा वर्षांनी कपाट उघडलं तर कसर लागून शालूची चाळण झालेली, डांबराच्या गोळ्यांनी जर काळी पडलेली. शेवटी आईचा शालू घंटागाडीत टाकला तिने. त्यापेक्षा कुणाच्या अंगावर गेला असता तर?

भाजणी
पानशेतकाका, तुम्हाला तेरा दिवस मिळाले. माझी आई एप्रिल २०२१ मध्ये गेली. कोविड. दवाखान्याच्या दारात तिची पिशवी हातात घेतली तेव्हा ती शुद्धीत होती, बास. पुढे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबून दाखवलं. दहावा घरातल्या घरात, भटजी व्हिडिओ कॉलवर. कावळा शिवला की नाही हे बघायला घाटावर जायचीसुद्धा परवानगी नव्हती.

मग माझ्यासाठी आई नक्की कुठे गेली? माझ्याकडे पुरावाच नव्हता. होतं ते तिचं कपाट. मी ते सतरा महिने उघडलं नाही, आणि उघडलं त्या दिवशी पहिल्यांदा पोट धरून रडले. कुणी मला 'चौदाव्या दिवशी आवर' म्हटलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

गवती चहा, तू ठेव किल्ली.

तिसरी_घंटा
'जीव घुटमळतो' हे अजून कुणी मानतं? आम्ही आईचे दिवसच केले नाहीत. तिनेच सांगून ठेवलं होतं. राख शेतात, त्यावर आंब्याचं रोप. विषय संपला.

शास्त्रापुरतं
दिवस करायचे नसतील तर नका करू, पण उगाच हिणवूही नका. आपल्याकडे शय्यादान आहे: गादी, पांघरूण, वस्त्रं, छत्री, पादत्राणं, तांब्याभांडं. गेलेल्या माणसाच्या वापरातलं जे जे असतं ते दुसऱ्याच्या हाती जायची सोय त्या विधीतच करून ठेवलेली आहे. आत्याबाईंचं बोलणं तिथून आलंय. भुताखेताचं नाही ते. वस्तू हलल्या की घर हलतं, एवढा साधा हिशेब आहे.

तिसरी_घंटा
घर हलतं हे पटलं. ते भटजींच्या घरी का हलतं, ते नाही पटलं.

अडकित्ता
(संपादकांना विनंती, वरची दोन माणसं सापडतील त्या धाग्यावर हेच करतात.)

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं. दुःखाच्या 'पाच पायऱ्या' तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचल्या असतील. त्या एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, आणि त्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. त्यामुळे 'मी अजून तिसऱ्याच पायरीवर का' असा अभ्यास कुणी करत बसू नये. परीक्षा नाहीये ही.

कपाट ठेवण्यात काही गैर नाही. आवरण्यातही नाही. मी बघते ते वेगळंच: झोप आहे का, जेवण जातंय का, कामावर जाऊन चार माणसांशी बोलता येतंय का. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'लांबलेलं दुःख' असं वेगळं निदान आता आहे. पण त्यासाठी निदान सहा महिने गेलेले असावे लागतात, आणि माणसाचं रोजचं जगणं ठप्प झालेलं असावं लागतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी २०२२ मध्ये मोठ्या माणसांसाठी ती मर्यादा एक वर्षाची ठेवली. बेचाळीस दिवस म्हणजे काहीच नाहीत. फारच जड झालं, जगूच नये असं वाटलं, तर टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ लावा. फुकट आहे, मराठीत बोलतात.

भाजणी
दुःखालाही मुदत! सहा महिने म्हणे, नाहीतर वर्ष. मग माझे सतरा महिने कुठल्या रकान्यात?

अडकित्ता
त्या सतरा महिन्यांत तुम्ही नोकरी केलीत, मुलीची दहावी काढलीत, इथे रोज पाककृती टाकल्यात. कुठल्याच रकान्यात नाही. शांत व्हा.

हिशेबनीस
बँकेत छत्तीस वर्षं काढली. भावना बाजूला ठेवून बोलतो, कारण भावनेवर बोलायला इथे बरेच आहेत.

कपाट आवरा किंवा आवरू नका, आतले कागद आधी बाहेर काढा. पासबुकं, मुदतठेवींच्या पावत्या, लॉकरची किल्ली. आमच्या पिढीतल्या बायका पावत्या साडीच्या घडीत ठेवतात, म्हणून साडी झटकल्याशिवाय कुणाला देऊ नका. आईच्या मोबाइलवर ओटीपी येतो म्हणून खात्यातले पैसे परस्पर काढू नका. मृत्यूचा दाखला देऊन रीतसर क्लेम करा. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आईच्या मालमत्तेत मुलगा, मुलगी आणि नवरा यांचा सारखा हिस्सा. म्हणजे दागिने त्या कपाटात असतील तर किल्ली एकट्या मुलीच्या पर्समध्ये असणं बरं दिसत नाही. तुमच्या मनात काही नसेल, पण उद्या भावकी बोलेल.

अजून एक. नोव्हेंबर गेला. वडील पेन्शनर असतील तर हयातीचा दाखला दिला का? त्यांचे कागद कुठे असतात?

गवती_चहा
दागिन्यांचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. सोनं लॉकरमध्येच आहे, कपाटात फक्त रोजच्या पाटल्या. पण तुम्ही म्हणता ते आता डोक्यातून जात नाहीये.

कधीची_सासुरवाशीण
मी एरवी फक्त वाचते. आज लिहिते.

ताई, तुमच्या लिहिण्यात वहिनी एकाच वाक्यात आली, पिशव्या घेऊन. आई किती दिवस अंथरुणावर होत्या? त्यांचं कोण करत होतं? मी सासूबाईंचं नऊ महिने केलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. त्या गेल्यावर मलाही ती खोली, ती चादर, तो डेटॉलचा वास लवकरात लवकर घराबाहेर हवा होता. माझं प्रेम कमी होतं म्हणून नव्हे. मला त्या आजारी सासूबाई विसरायच्या होत्या, म्हणजे आधीच्या आठवल्या असत्या. नणंदबाईंनी तेव्हा 'वहिनीला भारी घाई' म्हटलं. मी अजून विसरले नाही.

लेकी किल्ली घेऊन जातात. कपाट रोज पुसायचं सुनेला असतं.

पानशेत_६१
हे माझ्या प्रतिसादाच्या दहापट बरोबर आहे.

भाजणी
बरोबर असेलही, पण म्हणून सुनेने ठरवायचं का लेकीच्या आईचं काय करायचं? सात महिने कुणी केलं, नऊ महिने कुणी केलं, याचा हिशेब मांडून आई कुणाला किती मिळते? लेक लांब राहते हा तिचा गुन्हा नाही. उलट जवळच्याला रोज थोडं थोडं कळत असतं. लांबच्याला एका फोनवर सगळं कळतं.

कधीची_सासुरवाशीण
ठरवायचं नाही. विचारायचं. किल्ली घेऊन जाताना त्यांनी तरी कुणाला विचारलं?

दर्यावर
दापोलीचा आहे. आमच्यात चाळीसाव्यापर्यंत अम्मीचे कपडे गरजूंना देऊन झाले. मी गुपचूप एक ओढणी ठेवून घेतली. बायकोला माहीत आहे, ती काही बोलत नाही. एक वस्तू ठेवा, बाकी द्या. भांडायला काही उरत नाही.

रांजणवाडी
आम्ही आईच्या मऊ पातळांच्या गोधड्या शिवून घेतल्या, चार भावंडांना चार. बाई दारात बसून शिवायची, आठ दिवस लागले. सूचना: जरीच्या आणि कडक कापडाच्या साड्या नकोत, टोचतात. धुऊन धुऊन विरलेली सुती पातळंच घ्या.

भाजणी
गोधडीसाठी साडी फाडावी लागते हो. ते बघवत नाही.

रांजणवाडी
फाडायची नसते. घडी घालून आत जाते. पण ज्याचं त्याचं.

ओसरी
सगळे प्रतिसाद वाचले. आत्या झाली, वहिनी झाली, भाऊ, बँक, जागतिक आरोग्य संघटना, सर्वोच्च न्यायालय. ते कपाट ज्या खोलीत आहे तिथे झोपतं कोण? बाबाच ना? त्यांना काय हवंय, हे कुणी विचारलं का?

गवती_चहा
नाही विचारलं.

गवती_चहा
चार दिवसांनी लिहिते आहे. शनिवारी साताऱ्याला गेले होते.

पोचले तेव्हा बाबा ओसरीवर उन्हाला बसले होते. अंगात भावाचा स्वेटर, खांद्यावर ढगळ, बाह्या दुमडलेल्या. म्हटलं, हा का घातलाय, तुमचा राखाडी कुठेय? म्हणाले, "असेल कुठेतरी." आत वहिनी चहा टाकत होती, ती हळूच म्हणाली, "त्यांचा स्वेटर कपाटात आहे. मफलर, कानटोपी, बनियनं, सगळं खालच्या कप्प्यात असतं. तुम्हाला माहीत नाही का?"

मला खरंच माहीत नव्हतं. ते कपाट माझ्या डोक्यात फक्त आईचं होतं. महिनाभर बाबा दोन बनियनं आलटून पालटून धूत होते. डिसेंबरात, साताऱ्यात. कुलूप तोडायचं का, असं भावाने विचारलं होतं म्हणे. बाबा म्हणाले होते, "राहू दे, तिला लागेल." तिला म्हणजे मला. हयातीच्या दाखल्याचं भावाने नोव्हेंबरातच बँकेत नेऊन उरकलं होतं. मला सांगायला त्याने फोनही केला होता म्हणे. मी उचलला नव्हता.

दुपारी कपाट उघडलं. मी, वहिनी आणि बाबा खाटेवर बसून. हिशेबनीसकाका, साड्या झटकल्या. एका इरकलीतून साडेतीनशे रुपये आणि वहिनीच्या मुलाच्या पाचव्या वाढदिवसाचा फोटो पडला. आम्ही साड्या वाटल्या नाहीत. अर्ध्या काढल्या, अर्ध्या परत ठेवल्या. वहिनीने दोन घेतल्या, दोन्ही सुती. सासुरवाशीणताई, मी तिला 'सॉरी' वगैरे म्हणाले नाही, जमलं नाही. पण आई शेवटच्या दिवसांत रात्री काय बोलायची ते मी विचारलं आणि ती पाऊण तास सांगत होती. मला त्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

खणांचा गठ्ठा चाळताना एका खणावर चिठ्ठी निघाली: 'सूनबाईच्या आईकडून. जाडाभरडा आहे. कुणाला देऊ नये.' वहिनीने वाचली आणि इतकी हसली की बाबाही हसले. तो खण तिने ठेवून घेतला.

टिकल्यांना कुणी हात लावला नाही. भाऊ अजून फारसा बोलत नाही.

पानशेत_६१
आणि किल्ली?

गवती_चहा
कपाटालाच आहे.