शब्दचर्चा : दचकणे, बुजणे, थिजणे, धास्ती

महालकर
प्राण्यांच्या मेंदूतल्या रसायनांवरचा एक लेख छपाईला जायचा आहे. दर तिसऱ्या ओळीत 'भीती'. वाचणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून मधूनमधून दचकणे, बुजणे, थिजणे, धास्ती असे घालून दिले तर चालते काय?

ढोरदवाखाना
नाही चालत, भाऊ. कोशात हे शब्द शेजारी असले तरी शरीरात घडते ते वेगवेगळे.

दचकणे ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया. आवाज कानात शिरला की मेंदूच्या देठातून मोजक्या चेतापेशींच्या साखळीने निरोप स्नायूंपर्यंत जातो. उंदरात हे साधारण दहा मिलिसेकंदांत आटोपते. धोका आहे की नाही हे ठरायच्या आत अंग उडालेले असते. अमिग्डला, म्हणजे मेंदूतले भीतीचे केंद्र, निकामी झालेला उंदीरही दचकतो. आधीच घाबरलेला उंदीर जास्त जोरात दचकतो, तेवढी वाढ मात्र अमिग्डलामुळे येते.

बुजण्यात पाहणे आले. बैल रस्त्यावरच्या पांढऱ्या पोत्याला बुजतो तेव्हा कान पुढे, नाकपुड्या फुगलेल्या आणि पाय मागे. वस्तू दिसली, ओळखू आली नाही, म्हणून तो अंतर राखतो. मेंदूत नॉरॲड्रेनलिन हे सावध करणारे रसायन वाढते आणि सगळे लक्ष त्या पोत्यावर खिळते. पोते काही करत नाही असे वारंवार दिसले की बुजणे ओसरते. बुजगावण्याची जागा बदलली नाही तर थोड्याच दिवसांत पाखरे त्याच्याच डोक्यावर बसतात, ती याचमुळे.

रामटेककर
आणि थिजणे? लेखात 'धडधडत्या काळजाने पाडस थिजून उभे होते' असे असेल तर?

ढोरदवाखाना
मग ते वाक्य बदला. गवतात दबून थिजलेल्या पाडसाचे हृदय उलट मंदावते. धडधड उधळणाऱ्या जनावराची. मध्यमेंदूतल्या एकाच करड्या भागाचा पोटाकडचा पट्टा थिजवतो, पाठीकडचा पळवतो. पळताना ॲड्रेनलिन सेकंदांत रक्तात उतरते. कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक मागून येते, त्याची पातळी शिखरावर जायला वीस-तीस मिनिटे लागतात. आणि लेख उंदरांवर असेल तर कॉर्टिसॉल नको, कॉर्टिकोस्टेरॉन लिहा; उंदरात ताणाचे मुख्य संप्रेरक ते. ही चूक छापील मजकुरात नेहमी दिसते.

रामटेककर
धास्ती आणि धसका यांचीही गल्लत होते. धास्ती पुढच्याची, धसका झाल्या गोष्टीचा. वऱ्हाडीत दोन्हीला 'भेव' म्हणून भागते, लेखात भागणार नाही.

ढोरदवाखाना
बरोबर. धास्तीत समोर काहीच नसते, तरी जनावर तासन्‌तास ताणात राहते. धसका ही आठवण. घटनेच्या वेळी अमिग्डलात सुटलेले नॉरॲड्रेनलिन आणि पाठोपाठचे कॉर्टिसॉल ती पक्की करतात.

महालकर
शेवटच्या परिच्छेदात वस्तीत शिरलेले चितळ आहे. 'इंजेक्शन देताच हरीण शांत झाले.' हे तरी ठीक?

ढोरदवाखाना
सगळ्यात घातक वाक्य तेच. झायलाझिन हे गुंगीचे औषध नॉरॲड्रेनलिनचे सुटणे रोखते. पाठलाग करून बिथरवलेल्या जनावराच्या अंगात नॉरॲड्रेनलिन आधीच उसळलेले असते, त्यामुळे नेहमीच्या मात्रेने गुंगी अर्धवट चढते. लोक लगेच दुसरा डार्ट, म्हणजे लांबून मारायची औषधाची सुई, मारतात. खरे तर गर्दी हटवून, आवाज बंद करून दहा-पंधरा मिनिटे वाट पाहायची असते. झायलाझिनबरोबर केटामाइन हे भुलीचे औषध देतात; त्यात डोळे उघडे राहतात, म्हणून डोळ्यांत मलम घालून पट्टी बांधायची, कानात बोळे घालायचे. दर पाच मिनिटांनी तापमान बघायचे. ४१ अंश सेल्सिअसच्या वर गेले की अंगावर पाणी ओतायचे. जनावर छातीवर बसते ठेवायचे, मान वर पण तोंड खाली, नाहीतर पोटातले पाणी श्वासनलिकेत जाते. काम झाले की योहिंबिन देऊन झायलाझिनचा असर उतरवायचा.

एवढे नीट करूनही पळापळीत स्नायू फाटलेले असतील तर लघवी काळपट होते आणि हरीण काही तासांनी, कधी काही दिवसांनी मरते. बातमीत ते 'शांत' झालेले असते.

महालकर
'गुंगीत गेले' लिहितो.

ढोरदवाखाना
हो. आणि 'इंजेक्शन देताच' काढा. स्नायूत दिलेल्या औषधाला पाच-दहा मिनिटे लागतातच.