मदत हवी आहे: खुराड्यातल्या दांड्या साफ करणं सोपं जावं म्हणून लाकडाला काय लावावं?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. घरामागे कुळागराच्या (पोफळी-माडांच्या बागेच्या) कडेला चिऱ्यांचं खुराडं आहे, वर मंगळुरी कौलं, पुढच्या अंगाला जाळी. पंचवीसेक कोंबड्या आहेत, बहुतेक गावठी, थोड्या वनराजा. रात्री त्या ज्या दांड्यांवर बसतात त्या दांड्यांबद्दल विचारायचं आहे. मिरग लागायच्या आत काम उरकायला हवं, म्हणून जाणकारांनी कृपया लवकर लिहावं.

दांड्या दोन प्रकारच्या आहेत. काही सागवानी, जुन्या घराचं छप्पर उतरवलं तेव्हाचे वासे चिरून केलेल्या. बाकीच्या पोफळीच्या फोडी. उन्हाळ्यात फारसा त्रास नाही. सकाळी पत्री फिरवली की वाळलेली शीट पापुद्र्यासारखी सुटते, वरून राख चोळली की झालं. हाल होतात ते जून ते सप्टेंबर. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. तेव्हा शीट वाळतच नाही. पत्रीने काढायला जावं तर लाकडाच्या रेषांमध्ये आणखी दाबली जाते. पाण्याने धुतली तर दांडी कितीतरी दिवस ओली राहते, खालच्या अंगाला काळी बुरशी धरते आणि सकाळी दार उघडलं की डोळ्यांना झोंबणारा वास येतो. माणसाला एवढं झोंबतं तर रात्रभर आत कोंडलेल्या कोंबड्यांचं काय होत असेल, हा विचार पाठ सोडत नाही.

दुसरी अडचण लाल किड्यांची. दिवसा एकही दिसत नाही. रात्री विजेरी घेऊन गेले आणि पांढरं फडकं दांडीच्या खालून ओढलं, तर फडक्यावर तांबडे फराटे उठले. दांडीचं टोक भिंतीतल्या खाचेत जिथे बसतं तिथे तर करड्या धुळीसारखा थर होता, आणि ती धूळ हलत होती. डॉक्टरांनी सांगितलं की हे किडे दिवसा फटींत लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. उष्ण हवेत अंड्यापासून मोठा किडा व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो, आणि रक्त मिळालं नाही तरी ते काही महिने तग धरतात. अंगावर मारायचं औषध त्यांनी दिलंय, ते चालू आहे. पण फटी आहेत तोवर किडे परत येणारच, म्हणून लाकूड गुळगुळीत करून त्यावर काहीतरी लावावं असं मनात आहे.

आतापर्यंत मिळालेले सल्ले असे. सुतार म्हणतो, जळकं ऑईल मार, वाळवीही लागणार नाही. हे मला मुळीच पटत नाही. गाडीच्या इंजिनातून निघालेलं तेल कोंबडीच्या पोटाच्या पिसांना लागणार, तिथून अंड्यांना, आणि अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात. ती अंडी माझी मुलं खातात. रंगवाला म्हणतो ऑईल पेंटचे दोन हात मार, चकाचक होईल. हार्डवेअरच्या दुकानात पीयू पॉलिश (पॉलियुरेथेन, लाकडावर प्लास्टिकसारखा थर देणारं) दाखवलं. सासूबाई सांगतात की त्यांच्या माहेरी दरवर्षी पावसाआधी आणि चवथीनंतर चुना फासायचे आणि किडे माहीत नव्हते.

सर्वांत मोठी भीती घसरण्याची. एका वनराजा कोंबडीच्या तळपायाला गाठ आली होती, मधोमध काळी खपली. ती बरी होईपर्यंत रोज पाय धुऊन पट्टी बांधावी लागली. अंगाने जड पक्षी उंचावरून उडी मारतो, लाकडाची कूस टोचते, ओल्या घाणीतला जंतू आत शिरतो, यातून हे होतं म्हणे. आता चकचकीत रंगावर पाय ठरला नाही आणि त्या रात्री अंधारात खाली पडायला लागल्या तर? माझी साफसफाई सोपी व्हावी म्हणून त्यांची झोप बिघडायला नको.

तर लाकडाला काय लावावं, पोफळीच्या फोडींचं काय करावं, आणि लावल्यावर कोंबड्या किती दिवसांनी आत घ्याव्या? लोखंडी किंवा पीव्हीसी पाइप टाका असं कृपया सांगू नका. पाइप मी शेजारी पाहिलाय, कोंबड्या त्यावर बसायला तयार नसतात.

प्रतिसाद, सत्तरीहून

ताई, जळक्या ऑईलला नाही म्हणालात ते उत्तम केलंत. ऑईल पेंटही नको. वर्षभरात त्याला तडे जातात, पोपडे सुटतात, आणि कोंबडीची जात अशी की सुटलेलं काहीही टिपून खाणार. घसरू नये म्हणून रंगात वाळू मिसळा असं कोणी सांगेल, तेही करू नका. वाळूचा खरखरीतपणा तळपाय सोलतो आणि घाण त्यात जास्तच अडकते.

दांडीच्या आकाराकडे आधी बघा. वरची बाजू दीड ते दोन इंच रुंद आणि सपाट, दोन्ही कडा रंधा मारून गोल केलेल्या. कोंबडी अशा दांडीवर पंजा पसरून बसते, पकडून लटकत नाही. पाय नीट टेकला की थोडा गुळगुळीतपणा तिला चालतो. उंची जड पक्ष्यांसाठी दोन फुटांच्या वर नको. भिंतीपासून फूटभर अंतर ठेवा, नाहीतर शेपटीकडची शीट भिंतीवर. एका पक्ष्याला आठ-दहा इंच जागा मिळायला हवी, आणि सगळ्या दांड्या एकाच उंचीवर ठेवा. दांड्या वर-खाली असल्या की वरच्या जागेसाठी मारामारी होते आणि वरच्यांची घाण खालच्यांच्या पाठीवर पडते.

रात्रीची बहुतेक शीट सरळ खाली पडते. दांडीखाली वीतभर अंतरावर फळी किंवा जुना पत्रा सरकवा, त्यावर भाताचा कोंडा आणि राख पसरा आणि रोज सकाळी तेवढा ओढून माडांच्या आळ्याशेजारच्या खतखड्ड्यात रिकामा करा. वास निम्म्याहून अधिक तिथेच जाईल. शीट ओली राहिली की त्यातून अमोनिया सुटतो, कोरड्या कोंड्यात पडली की फार कमी.

प्रतिसाद, फोंड्याहून (पॉलिशचं काम करतो)

ताई, वरच्या दादांचं आकाराबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. मी लेपाबद्दल सांगतो.

कोंबडीच्या शिटेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने ते निघत नाही, पसरतं. लाकडाची छिद्रं बंद असतील तर ते वरच राहतं आणि खरवडून निघतं. म्हणजे तुम्हाला चमक नको आहे, छिद्रं बुजलेली हवी आहेत.

स्पिरिट पॉलिश लावू नका. ते लाखेचं असतं आणि लाख अमोनियात विरघळते, पावसाळ्यात चिकट होईल. अळशीचं तेल चांगलं, पण आपल्या दमट हवेत कच्चं तेल लवकर सुकत नाही आणि त्यावर बुरशी येते. डबल बॉइल लवकर सुकतं, पण त्यात सुकवण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, त्यामुळे पूर्ण कडक होईपर्यंत पक्षी दूर ठेवायचे. तेलाचं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल सुकताना उष्णता सुटते आणि असा बोळा आपोआप पेट घेतो. फडकं पाण्यात बुडवून ठेवा किंवा उन्हात सपाट पसरा.

माझी पसंती पाण्यातलं पीयू, मॅट म्हणजे बिनचमकीचं. ग्लॉस घेऊ नका. आधी दांड्या बाहेर काढून खरवडा, चार-पाच दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. ओल्या लाकडावर लेप दिलात तर आतली वाफ त्याला फोड आणते, म्हणून हे काम मे महिन्यातच. मग ८० नंबरचा आणि त्यानंतर १२० नंबरचा पॉलिशपेपर. त्याहून बारीक घासू नका, पायाला थोडी पकड उरू द्या. भेगा लांबी भरून बुजवा. पहिला हात पाणी घालून पातळ, तो लाकडात मुरतो. त्यावर दोन पातळ हात, मध्ये हलका पेपर.

टोकांना मात्र चार हात द्या. कापलेल्या टोकाचं लाकूड पाणी सर्वांत जास्त ओढतं, आणि तुमचे किडेही तिथेच आहेत. भिंतीतल्या खाचा चुना-सिमेंटने बुजवून टाका आणि दोन्ही बाजूंना वरून उघडे, इंग्रजी यू अक्षरासारखे लाकडी घोडे ठोका. दांडी नुसती वरून ठेवायची, खिळा नको. रोज उचलता येईल, उन्हात नेता येईल. माझ्या मते लेपापेक्षा या बदलाचा उपयोग जास्त होईल.

पोफळीच्या फोडींवर पैसे घालवू नका. त्यांचे धागे सुटतात, कूस निघते, लेप त्यांना धरून ठेवत नाही. बांबूही नको, पोकळ टोकात किड्यांना घर मिळतं.

प्रतिसाद, काणकोणहून

आमच्या भागात होड्यांना आणि कुंपणाच्या खांबांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी पद्धत आहे, वाळवीला ते फार चांगलं. पण दांडीला लावू नका. ताजं तेल माणसाच्या हाताला फोड आणतं, कोंबडीच्या पायालाही सोडणार नाही. खुराड्याचे जमिनीत पुरलेले खांब असतील तर त्यांच्या बुंध्याला लावा आणि पक्षी दूर ठेवून पूर्ण सुकू द्या.

तुमच्या सासूबाईंचा चुना मात्र सोडू नका. दांडीवर नको, तो पिठासारखा सुटतो आणि पाय कोरडे पडतात. भिंती, कौलांखालच्या रिपा, घोड्यांच्या बेचक्या, अंडी घालायच्या खोक्यांची मागची बाजू, इथे दाट चुना ब्रशने फटीत घुसवून मारा. चुना फटी भरतो आणि आतले किडे त्यात मरतात. भिजवलेला चुना डोळ्याला फार वाईट, चष्मा लावून काम करा आणि पूर्ण सुकल्यावरच कोंबड्या आत सोडा. वर्षातून दोनदा हा सासूबाईंचा हिशेब अगदी बरोबर आहे.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. एवढं नीट कोणीच समजावून सांगितलं नव्हतं. पोफळीच्या फोडी चुलीत जातील. सागवानी वाशांचा एक लांब तुकडा मांगरात पडून आहे, त्याच्या नव्या दांड्या करून घेते. उचलता येणारे घोडे ऐकून फार बरं वाटलं, कारण मग दोन जोड करता येतील: एक आत आणि एक चुलीच्या वरच्या माळ्यावर सुकत. पावसात ऊन नसलं तरी तिथे ऊब असते.

दोन शंका उरल्या. पाण्यातलं पीयू हाताला सुकलं म्हणजे कोंबड्या घ्यायला हरकत नाही ना? आणि माळ्यावरचा धूर त्या लेपाला चालेल का?

प्रतिसाद, फोंड्याहून

हाताला दोन-तीन तासांत सुकतं, पण आतून कडक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. शक्य असेल तर तेवढे दिवस दांड्या वाऱ्यावर ठेवा. अगदीच घाई असली तरी आठवड्याच्या आत नको. दांडी नाकाशी धरून वास घ्या, जरासुद्धा वास येत असेल तर थांबा. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात, आपल्याला न जाणवणारा वास त्यांना त्रास देतो. नख दाबून बघा, खूण उठली तर लेप अजून मऊ आहे.

धुराने काही होत नाही, रंग पिवळसर होईल एवढंच. आच मात्र थेट लागू देऊ नका, दांड्या चुलीच्या बरोबर वर न ठेवता बाजूला ठेवा. वर्षभराने लेप घासलेला दिसेल तिथे १२० चा पेपर मारून एक पातळ हात पुरे, सगळं खरवडायची गरज नाही. आणि लाल किड्यांसाठी ते पांढरं फडकं दर पंधरवड्याला फिरवत राहा, विशेषतः घोड्यांच्या बेचक्यांत.