विषय: अल्वीसोच्या खाजणांसाठी आपल्या सभासदांचे संगणककौशल्य

प्रेषक: सामाजिक उपक्रम समिती

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी संगणक क्षेत्रात काम करणाऱ्यांनी आपले कौशल्य सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाकडील अल्वीसो परिसरातील खाजणांसाठी विनामूल्य द्यावे, असा विचार समितीपुढे आला आहे. २००३ मध्ये कारगिल कंपनीकडून राज्य आणि केंद्र सरकारने घेतलेल्या १५,१०० एकर मिठागरांपैकी मोठा भाग भरतीच्या पाण्याला पुन्हा मोकळा करण्याचे काम तेथे टप्प्याटप्प्याने चालू आहे. उपग्रहचित्रांवरून तेथील वनस्पतींचे आच्छादन आपोआप मोजणारे एक ॲप मंडळाने तयार करावे, अशी काही तरुण सभासदांची सूचना आहे. ज्यांना या कामाची माहिती आहे, त्यांनी आपले मत मोकळेपणाने कळवावे.

—

प्रेषक: एक सभासद, फ्रीमॉन्ट

समितीस आणि सर्व सभासदांस नमस्कार.

हिवाळी पावसात खाडीकाठी रोपे लावणाऱ्या एका संस्थेच्या नोंदी नीट ठेवण्यास मी काही काळापासून मदत करते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. या कामाला आपल्या लोकांची गरज खरोखरच आहे; मात्र ॲप बांधायला घेण्यापूर्वी तेथील जमिनीचे गणित आपण समजून घेतले पाहिजे.

गेल्या शतकात भूजलाच्या बेसुमार उपशामुळे सांता क्लारा खोऱ्यातील जमीन खचली आणि अल्वीसोची मिठागरेही खाली गेली. बांध फोडून भरतीचे पाणी आत घेतले, तरी त्याबरोबर येणारा गाळ बसून तळ पुरेसा उंच होईपर्यंत तेथे खाजणातील झाडोरा रुजत नाही. कोणती वनस्पती कोठे उगवेल हे काही इंचांच्या उंचीवर ठरते. म्हणूनच उंचीची प्रत्येक नोंद कोणत्या आधारपातळीपासून मोजली आहे, हे आकड्याच्या शेजारीच लिहिलेले असावे लागते. जमिनीची मोजणी एका पातळीपासून होते आणि भरतीचे तक्ते दुसऱ्या पातळीपासून. हे दोन आकडे तसेच एकत्र केले, तर चिखल कागदावर खाजण होतो आणि खाजण पाणी. त्यातच गोल्डन गेटपाशी भरती-ओहोटीतील फरक सुमारे ६ फूट असतो, तर उपसागराच्या दक्षिण टोकाला तो ९ फुटांच्या आसपास जातो. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोच्या भरतीमापकावर १८५४ पासून अखंड नोंदी होत असल्या, तरी त्या अल्वीसोसाठी जशाच्या तशा वापरता येत नाहीत. विमानातून लेसरने केलेली मोजणीही दाट झाडोऱ्यात जमीन असते त्याहून उंच दाखवते, कारण किरण झाडोऱ्यातून तळापर्यंत पोहोचत नाहीत.

उपग्रहचित्रांची अडचण याच्याशीच निगडित आहे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे मोफत मिळतात, त्यांतील एक ठिपका १० मीटरचा असतो आणि दर ५ दिवसांनी नवे चित्र येते. परंतु चित्र टिपले त्या क्षणी भरती होती की ओहोटी, हे पाहिल्याशिवाय दोन चित्रांची तुलनाच होऊ शकत नाही. भरतीच्या वेळी बुडालेला झाडोरा ‘नष्ट झाला’ असे अनुमान एखादे हुशार संगणकीय प्रारूप सहज काढील.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, प्रत्येक चित्राची वेळ घेऊन, नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेच्या खुल्या सेवेतून जवळच्या केंद्रावरील त्या वेळची भरतीची पातळी शोधून ती चित्राला जोडणारा एक छोटा प्रोग्रॅम आपण प्रथम लिहावा. दिसायला हे काम किरकोळ आहे, पण त्यावाचून पुढचे कोणतेच विश्लेषण विश्वासार्ह ठरणार नाही.

दुसरे काम प्रत्यक्ष जागेवरच्या नोंदींचे आहे. चिखलात मोबाईलला नेटवर्क मिळत नाही, हात ओले असतात आणि नोंद करणारा स्वयंसेवक दर खेपेस नवा असतो. नेटवर्कशिवाय चालणारे क्यूफील्ड हे मुक्त साधन उपलब्ध असताना नवे ॲप बांधणे मला अनाठायी वाटते. त्यात वनस्पतींची नावे टंकावी न लागता यादीतून निवडता येतील आणि तारीख आपोआप भरली जाईल, असा नोंदीचा अर्ज (फॉर्म) बसवून दिला, तरी संस्थेचा फार मोठा त्रास वाचेल. रिजवे रेल हा पाणपक्षी आणि खाजणातील छोटा उंदीर या दोन्ही संकटग्रस्त जाती तेथे राहतात. त्यांच्या नेमक्या जागा आपल्या कोणत्याही सार्वजनिक नकाशावर उघड होता कामा नयेत, ही अट मात्र सर्वांनी आधीच मान्य करावी.

—

प्रेषक: एक सभासद, सनीव्हेल

फ्रीमॉन्टच्या ताईंचे पत्र मी दोनदा वाचले आणि भरतीची पातळी चित्राला जोडण्याचे काम करण्यास मी तयार आहे. उपग्रहचित्रांचा विचार मात्र सोडून देऊ नये, असे मला आग्रहाने वाटते. अल्वीसोच्या मिठागरांपैकी ए६ या तळ्याचा बांध २०१० मध्ये फोडला, आणि एवढ्या विस्तारातील बदल इतकी वर्षे केवळ पायी फिरून टिपणे कोणालाही शक्य नाही. चित्रांवरून काढलेले निष्कर्ष जागेवरच्या नोंदींशी ताडून पाहण्याची जबाबदारी आपण घेतली, तर तरुण सभासदांचा उत्साहही योग्य ठिकाणी लागेल.

माझी खरी चिंता पुढच्या देखभालीची आहे. हा प्रकल्प अनेक दशकांचा आहे, आणि आपल्यापैकी कोणी नोकरीसाठी ऑस्टिनला जाईल तर कोणी भारतात परतेल. म्हणून सर्व कोड आणि पासवर्ड पहिल्या दिवसापासून संस्थेच्याच खात्यात असावेत, आणि प्रत्येक कामाला एकाऐवजी दोन जाणकार नेमावेत. जे दोन वर्षे सांभाळता येणार नाही, ते आपण संस्थेच्या गळ्यात घालू नये.

माझे बालपण मुलुंडला मिठागरांच्या जवळ गेले. ठाणे खाडी २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तेथे खारफुटी आहे आणि येथे तशी झाडे नाहीत, त्यामुळे वनस्पती ओळखण्याची पद्धत तिकडे उचलून नेता येणार नाही. पण चित्राला भरतीची पातळी जोडण्याचा प्रोग्रॅम मात्र स्थानिक भरतीच्या नोंदी मिळाल्या तर तिकडेही उपयोगी पडेल. तो त्या दृष्टीनेच, खुल्या परवान्याखाली लिहावा.

—

प्रेषक: सामाजिक उपक्रम समिती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. नवे ॲप तूर्त हाती घेऊ नये आणि वरील दोन कामांचा प्रस्ताव रोपे लावणाऱ्या त्या संस्थेपुढे ठेवावा, असे समितीने ठरवले आहे. त्यांतील कोणते काम आधी करायचे, हे संस्थेने सांगावे. रिजवे रेलच्या विणीमुळे फेब्रुवारी ते ऑगस्ट या काळात खाजणात जाण्यावर निर्बंध असतात. तेवढ्या अवधीत घरबसल्या होणारे प्रोग्रॅमिंग पूर्ण करून सप्टेंबरमध्ये क्यूफील्डचा अर्ज प्रत्यक्ष चिखलात तपासता येईल. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर किंवा नोंदींची शुद्धता तपासणे यांपैकी काय येते आणि महिन्यातून किती तास नियमित देता येतील, हे इच्छुकांनी याच पत्राला उत्तर देऊन कळवावे.